बॉनेटवरचे आरसे

मुरगावच्या धक्क्यावर कंटेनर उघडला
तेव्हा आधी वास आला,
जुन्या रबराचा, बंद कपाटाचा,
मग दोन गोल दिवे.
कस्टमचा माणूस म्हणाला, "ही एवढीशी?"
आणि कागदावरचा आकडा पुन्हा वाचला.

किमतीहून कर जास्त.
वर जहाजाचं भाडं, धक्क्याचं भाडं,
एका शिक्क्यापायी अकरा दिवस अडली त्याचा दंड.
तेवढ्यात तिच्या पिवळ्या पाठीवर
बंदरातल्या कोळशाने साय धरली.
इनासबाबने रुमाल काढला,
बोटभर जागा पुसली,
खालचा पिवळा बघितला
आणि रुमालाची घडी घालून परत खिशात ठेवली.

तारवटी होता तो. इंजिनखोलीत तेल पुसणारा पोर.
योकोहामात जहाज नऊ दिवस दुरुस्तीला लागलं,
नऊही दिवस हा शोरूमच्या काचेपुढे.
निम्मा पगार परस्पर घरी जायचा.
आतली गाडी आणि काचेवरचा आपला चेहरा
एकावर एक यायचे, म्हणतो,
नाक नेमकं स्टिअरिंगवर.
पुढे तीन मुली, कुठ्ठाळीत घर, एक बायपास.
ब्र काढला नाही कोणापाशी.
लुदोविनाला पन्नास वर्षांनी कळलं
की नवऱ्याचं लग्नाआधी कुठेतरी होतं.
"पिवळी?" ती म्हणाली. "निदान तांबडी तरी आणायची."

गाडी आली माझ्याकडे, चिखलीला.
मी म्हटलं, बाब, हिचा एक बोल्ट हवा तर
समुद्रापलीकडे हाक मारावी लागेल,
एवढ्या पैशांत दोन नव्या आल्या असत्या दारात.
तो म्हणाला, "नवी गाडी येते. ही परत आली."
मला काही ते पटलं नाही.

पण कार्ब्युरेटर उघडला आणि गप्प झालो.
आत झिजलेल्या एका स्क्रूखाली
कुणीतरी पत्रा कातरून चकती बसवली होती,
करंगळीच्या नखाएवढी,
कडा घासून गुळगुळीत केलेली.
बिल मोठं करणाऱ्याचं काम नव्हे ते.
कुठल्या गावचा, जिवंत आहे की नाही, कोण जाणे.
मी ती पेट्रोलने धुतली
आणि होती तिथेच ठेवली.

आरसे दारांवर नाहीत हिचे,
लांब पुढे, बॉनेटच्या दोन टोकांना,
गोगलगायीची शिंगं जशी.
गॅरेजातली पोरं हसली. मीही हसलो.
मग सीटवर बसलो:
मान वळवावी लागत नाही,
पुढे बघता बघताच मागचं दिसतं,
बारीक, पण सगळं.

"घंटी वाजते ना?" त्याचा एकच प्रश्न.
शंभर ओलांडले की डॅशबोर्डमागे घंटी,
तेव्हाच्या तिथल्या गाड्यांतली सावधगिरी.
वायर कुजली होती, मी डाग दिला.

रविवारी उजाडायच्या आत झुआरीचा नवा पूल.
खाली नदी, वाळूच्या होड्या, एक कंदील.
नव्वद. पंचाण्णव. इंजिनाने घसा खाकरला.
आणि टिंग, टिंग, टिंग,
चहाच्या पेल्याला चमचा लागावा इतकीच.
इनासबाबने लगेच पाय उचलला.
"शोरूमात ऐकवली होती त्यांनी," म्हणाला,
"बटण दाबून. मला नव्हे,
शेजारच्या गिऱ्हाईकाला."

आगशीला चोरीस-पाव खाल्ला.
येताना चावी माझ्या हातात दिली.
पूल मोकळा होता, सूर्य वर येत होता,
नव्वदवर माझा पाय आपोआप थांबला.
ती घंटी त्याची.

शिवाय चढावर क्लच घसरतोय.
ते अजून सांगितलेलं नाही त्याला.